गाठीपुढं दोन डोळे

आमचं नवं वर्ष पाडव्याला लागत नाही,
जानेवारीतही नाही.
दिवाळीचे कंदील अजून गॅलरीत लोंबत असतात
आणि ओझरच्या चर्चमध्ये अच्चन सांगतात,
आज कूदोश ईथो, सभेचं पवित्रीकरण,
आजपासून वर्ष सुरू.
फटाका नाही, रांगोळी नाही.
नाही म्हणायला कुणीतरी केळ्याचे वेफर्स आणतं.

शोशाम्मा टीचर एकतीस वर्षं संडे स्कूल चालवून
लेकाकडे कोट्टयमला गेल्या.
जाताना हजेरीपट माझ्या हातात ठेवला,
एवढंच बोलल्या :
फळा ओल्या फडक्यानं पुसू नकोस, पांढरट पडतो.
विश्वासाचं काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी हजेरीपट परत केला असता.

पप्पा कारखान्यात विमानांना रिव्हेट मारायचे,
रविवारी धुपाच्या धुरात पांढरा शर्ट घालून उभे.
त्यांना मातीत ठेवून आलो त्यानंतर
प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे.
कुणाला कळलं नाही.
त्या रांगेत मी एकटीच होते, असंही नसावं.

हजेरीपटात तेवीस नावं, समोर पाच पोरं.
बाकीची पुण्याला, कॅनडाला, क्लासला.
ही पाचही मराठीत भांडतात, मराठीतच खिदळतात,
मल्याळम त्यांना सणाच्या कपड्यासारखी, काखेत टोचते.
म्हणून प्रार्थना मी देवनागरीत लिहून देते.
एक अक्षर मात्र येत नाही लिहिता.
जीभ मागे वळते आणि कुठंच टेकत नाही, असं ते अक्षर.
मी ‘ळ’खाली टिंब देते,
म्हणते, असं समजा.

नेमकं तेच अक्षर ‘वाट’ या शब्दात.
फेबा उठली, आठ वर्षांची, पुढचा दात पडलेला,
आणि खणखणीत म्हणाली,
कर्तावे, वळ्ळी काणिक्कणमे.
मोठी पोरं फुटली हसायला.
म्हणायचं होतं, प्रभू, वाट दाखव.
म्हणाली, प्रभू, वेल दाखव.

मी खडू उचलला. दुरुस्त करणारच होते.
खिडकीबाहेर दगूनाना मोगलांची बाग,
यंदा छाटणी उशिरा, सुरगाण्याच्या बायांच्या हातात कात्र्या.
कालपर्यंत मांडवाखाली अंधार होता,
आज तारांवर नुसत्या काड्या
आणि कापल्या टोकाला एकेक थेंब.
वेल रडते का, टीचर?
मला काही सांगता येईना.
पाचही जणांना कुंपणापाशी घेऊन गेले.

नानांनी काडी वाकवून धरली.
ही गाठ. गाठीपुढं दोन डोळे ठेवायचे,
पुढचं सगळं जाऊ द्यायचं.
आणि नाही कापलं तर?
तर पानंच पानं. सावलीला बसायचं मग, खायला काही नाही.
डोळा कधी उघडणार?
पेस्ट लावली की दहा-बारा दिवस. गारठा पडला तर जास्त.
मोजत नका बसू गं,
बघायला येत जा.

पुढच्या रविवारी हूदोश ईथो.
अच्चन म्हणाले, नूतनीकरण.
फेबा मधूनच बाहेर सटकली,
परत आली ती धापा टाकत, चपलांना चिखल,
माझ्या कानाशी येऊन :
उघडला नाही, टीचर. पण कापूस दिसतोय आत.

तेवढ्यात कुरियेलायसोन आलं.
मी म्हटलं.
किती मोठ्यानं, माहीत नाही,
शेजारच्या एलियाम्मांनी वळून बघितलं एवढं खरं.

नंतर वर्गात गेले तर
‘ळ’खालचं टिंब कुणीतरी पुसलेलं,
ओल्या फडक्यानं.
तिथं पांढरट डाग पडलाय.